वीस सूत

कलिन्याचा ग्लेन कोलासो म्हणाला, खाली करायचीय.
मी म्हटलं, काय?
गाडी. पुढून. नाक अडीच इंच खाली.

रे रोडला आमचं कमानीचं दुकान.
आजा उचलायचा, बाप उचलायचा, मी उचलतो
बसलेल्या गाड्या.
दारूखान्यातून भंगाराचा ट्रक येतो गुडघे टेकत,
आम्ही एक पाटा जास्त घालतो, तो उभा राहतो,
पुन्हा लादतात, पुन्हा बसतो.
यावर तीन पिढ्या जेवल्या.
खाली करा म्हणत
आजवर कुणी आलं नव्हतं.

पण गाडी बघून हात पुसले.
चोपन्नची डॉज पिकअप,
बॉनेट बोहारणीच्या गाठोड्यासारखं गोल,
रंग कधीकाळी हिरवा; बिजागऱ्यांपाशी अजून आहे.
नाक एवढं वर, की रस्ता सोडून
समोरच्या शेडचे पत्रे बघत उभी.
मागच्या फळीवर पुसट अक्षरं : कोलासो ब्रास बँड,
खाली टेलिफोन नंबर, सहा आकडी.

जॅक लावला, घोड्या सरकवल्या, चाकं काढली.
यू-बोल्ट सुटेनात.
डिझेल पाजलं, चहा पिऊन आलो, परत डिझेल.
शेवटी पान्याला पाइप लावून लोंबकळलो
तेव्हा कर्र झालं
आणि सेंटर बोल्टची मान तुटून कुठंतरी उडाली,
अजून सापडायचीय.

पाटे सुटे करून फरशीवर मांडले,
लांबडा आधी, आखूड शेवटी.
सात हवे होते. आठ निघाले.
आठव्यावरून तारेचा ब्रश फिरवला
तर कडेला तीन टिंबं, एक आडवी रेघ :
बापाचा पंच.

पुढं कोण बसायचं रे?
ग्लेन हसला. चौघं.
आजोबा, सलू अंकल, बेंजा,
आणि ड्रमवाला, त्याला दोघांची जागा लागायची;
आजोबांच्या मांडीवर पितळेचा भोंगा.
लग्नाला निघाले की मडगार्ड टायरला घासायचं,
मग कुणीतरी सांगितलं, रे रोडला पांचाळ आहे.

म्हणजे बापानं माणसं तोलली होती.
चौघं अधिक एक भोंगा, बरोबर एक पाटा.
पुढं एकेक करून चौघंही उतरले.
पाटा
धरूनच होता.

हे असं मी ग्लेनला बोललो नाही.
म्हटलं, दीड इंच यातच जाईल,
उरलेला एक ठोकून काढू.

ठोकायचं थंडच. तापवलं की पोलादाचं पाणी जातं.
दोन दिवस ऐरणीवर, बोटबोट सरकत,
सातांचा बाक उतरवला.
बाप बाक चढवायचा.
तोच हातोडा, उलटं काम,
खांद्याला काही केल्या कळेना.

कमान सपाट झाली की ॲक्सल कलतो,
स्टिअरिंग भटकतं, वळलं की सरळ यायचं विसरतं.
त्याला पाचर लागते, नखाएवढ्या उताराची,
ती घरीच कापली.
रबरी ठोकळे निम्मे केले. ब्रेकची नळी कुठं घासत नाही ना, बघितलं.

चाकांवर उतरवली.
भिंतीवर खडूची जुनी रेघ होती, टेप लावली :
डावीकडे वीस सूत, उजवीकडे एकोणीस.
ड्रमवाला कुठल्या बाजूला बसायचा
हे विचारून घ्यायला हवं होतं.

गल्लीच्या तोंडाशी पोर्ट ट्रस्टचे बंद पडलेले रूळ आहेत.
तिथं तिचं पोट घासलं, खर्रकन.
मी डोळे मिटले.
ग्लेन खिडकीतून ओरडला, मिस्त्री, एक नंबर!
आता वाहायचंय कुणाला!

आठवा पाटा माझ्याकडेच राहिला.
कोयत्याला फर्मास माल,
कॉटन ग्रीनचा नारळवाला दोनदा विचारून गेला.
देईन म्हटलंय.
सध्या दाराला लावलाय,
दार आपोआप मिटतं आमचं.