खटका

म्हैसमाळच्या उतारावर, दुसऱ्या वळणाशी
सपाट पायडलवरनं पाय उडाला,
नडगीवर पिनांच्या सात खुणा.

शहागंजात मुनीर मिस्त्री म्हणाला,
"खटक्याचं घे. बूट धरून ठेवतं."
"अन् सोडतं कधी?"
"टाच बाहेर फिरव, सोडतं.
पण आपली काळी माती आत बसली,
तर ना धरतं, ना सोडतं."

त्यानं स्क्रू दोन आटे ढिला केला.
दुकानाचा खांब धरून मी
पन्नासदा अडकले, पन्नासदा सुटले.
एकदा नाही सुटले,
सायकलीसकट आडवी, चहावाल्याच्या बाकावर.

"दगडांत पडण्यापरीस हितं बरं," मुनीर म्हणाला
आणि अजून अर्धा आटा सोडला.

रविवार. सुरुवातीची रेघ.
उजवा खटका वाजलाय.
डावा पाय अजून
मातीवरच ठेवलाय मी.