एकशे वीस किलोंची खोली

लिफ्ट कंपनीचा इंजिनियर फोनवर म्हणाला,
आतल्या सजावटीला एकशे वीस किलो.
त्यावर गेलात तर एक माणूस कमी करावा लागेल.
मी वहीत लिहिलं: माणूस, अडुसष्ट किलो.
चिखलदऱ्याचं धुकं खिडकीतून आत आलं
आणि शाई पसरली.

हॉटेल कॉफीच्या मळ्यांच्या दिवसांतलं.
पुढचा जिना साहेबांचा, त्याला हात लावायचा नाही,
तो वारसा.
मागचा, स्वयंपाकघराला चिकटलेला, नोकरांचा.
तो पाडला.
त्या अंधाऱ्या चौकोनातच लिफ्ट बसणार होती.

भट्टडशेठना आरसे हवे होते, तिन्ही बाजूंनी,
आणि सोनेरी पत्रा, अमरावतीच्या मॉलमध्ये आहे तसा.
मी म्हटलं, शेठ, काच जड पडते.
खरं तर एवढी नव्हती पडत.
पण एकशे वीस हा आकडा
त्या उन्हाळ्यात फार उपयोगी आला.

परतवाड्याच्या डेपोतलं सागवान घेतलं नाही.
गोदामात जुन्या खिडक्यांची झडपं होती:
हिरव्याचे सात थर, त्याखाली पिवळा,
त्याखाली कुठेतरी लाकूड.
हिरालाल भिलावेकरनं ती चिरून
पापडाएवढ्या फळ्या काढल्या,
एकेक वाण्याच्या तराजूवर ठेवली,
कानामागच्या पेन्सिलीनं भिंतीवर हिशोब मांडला.
छताला सेमाडोहच्या बायकांनी विणलेली बांबूची चटई,
साडेतीन किलो.
आग लागू नये म्हणून औषधात बुडवली, तर चार.
बेरीज एकशे नऊ.
उरले अकरा.

तेव्हा त्यानं ती आणली,
जळणाच्या ढिगातून,
पाडलेल्या जिन्याची दांडी.
खालून खरखरीत,
वरून इतकी गुळगुळीत की बोट थांबत नव्हतं.
एकच दांडी होती जिन्याला, चढताना डावीकडची.
"उजव्या हातात बादली राहे ना, गरम पान्याची.
मंग धरायले डावाच."
कोणाचा, मी विचारलं नाही.
त्यानं तराजूत घातली. नऊ किलो सातशे.
"हिले पॉलिश नोको मारू, बाई.
झालं हाय थे."

तिरपी चढणारी दांडी
आम्ही आडवी बसवली, कमरेच्या उंचीला.
पितळेचे तीन ब्रॅकेट, एक किलो.
शिल्लक तीनशे ग्रॅम
मी शेठना सांगितलेच नाहीत.

चाचणीच्या दिवशी सहा माणसांचं वजन भरायचं होतं.
चार माणसं वाळूची, पोत्यांत.
दोन आम्ही.
पहिल्या मजल्याच्या थोडं वर लाइट गेली.
बॅटरी अजून जोडायची होती.
चटईचा ओला वास, वाळूचा वास,
कोणीतरी खाली जनरेटर, जनरेटर ओरडतंय.
हिरालालचा हात दांडीवरून सरकत गेल्याचा आवाज
आणि मग थांबल्याचा.
"हे पाहा. इथं हात लावा."
एक खळगा होता, अंगठ्याएवढा.
"इथं वळन होतं. इथं माहा आजा दम घे."
मी अंगठा ठेवला.
तो माझ्या अंगठ्याला मोठा होत होता.
"एका खेपेले किती बादल्या?" मी विचारलं.
"एकच. पन खेपा कोन मोजल्या."
मग लाइट आली,
आणि साहेबांच्या मजल्यावर घंटी वाजून दार उघडलं.
त्यानं आधी पोती बाहेर काढली.

दिवाळीत हॉटेल सुरू झालं.
नागपूरच्या एक पाहुण्या आत शिरल्या,
छताचा फोटो काढला,
म्हणाल्या, बाकी छान, पण या दांडीला
पॉलिश करायचं राहिलंय का?
मी म्हटलं, हो, राहिलंय.
निघताना लिफ्टनं जरासा हिसका दिला,
तो अजून गेलेला नाही, कंपनीला तीनदा कळवलं.
उजव्या हातात त्यांचा मोबाइल होता.