सावळजच्या अलीकडे

सकाळी साडेसातला टेकाडावर स्टूल टाकलं.
खाली बेदाण्याची शेडं, जाळ्या उन्हानं विटून
शेवाळी म्हणावं की मळकट, अशा रंगाला आलेल्या;
सोसायटीचं गोडाऊन, पत्र्यावर गंज,
पाण्याची टाकी एका पायानं जरा खचलेली,
आणि बाभळींच्या मागं दहा-बारा घरं.

एप्रिलात इथली हवाच पांढुरकी असते.
डोंगर दिसत नाही, डोंगराची शंका दिसते.
काळा मी प्लेटमध्ये घेतच नाही.
काळ्यानं केलेला राखाडी मेलेला असतो.

हौसाक्का घमेलं घेऊन वर आली.
गंधकाचा वास तिच्या आधी आला.
बराच वेळ कागदाकडं बघून म्हणाली,
"ह्यात माझं घर कुठलं?"
दाखवलं. टाकीच्या डावीकडं, अंगठ्याएवढं.
"त्ये? त्ये तर चुलीतनं काढल्यागत दिसतंय.
माझं गुलाबी हाय. दोन हात ऑईलपेंट.
तासगावास्नं डबं आणल्यात,
बेदाण्याला दर घावला त्या साली."

लांबून सगळंच फिकं होतं, अक्का.
मधे धूळ येते, ऊन येतं.

"मला लांबनंबी गुलाबीच दिसतं."

पस्तीस वर्षं विट्याच्या हायस्कुलात सांगत आलो,
रंगाला ओरडू देऊ नका.
कितीजणांच्या पोपटी झाडांचे
दोन-दोन मार्क कापले.
ती झाडं त्यांनी पुढं कुठं लावली असतील.

मग तिला करून दाखवलं:
हा गुलाबी, तुझ्या भिंतीचा.
हा हिरवा, नव्या जाळीचा.
कुंचला फिरवला, फिरवत राहिलो,
आणि प्लेटमध्ये हळूच ढग उतरला.
हाच सगळीकडं आहे बघ,
पत्र्यात, टाकीच्या सावलीत, पार डोंगरात.
अख्ख्या गावाला तुझंच घर थोडं थोडं लावलंय.

तिनं त्यात बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळून पाहिलं.
"मग माझ्या घराला काय उरलं?"

खालून कुणीतरी हाक मारली, जाळ्या झटकायच्या होत्या.
बोट पदराला पुसत, घमेलं कमरेला लावून
ती उतरली, बाभळींशी दिसेनाशी झाली.

कागद वाळेपर्यंत बसून राहिलो.
अकराला ऊन चढलं तसं तिचं घर
खरंच विझलं, पांढुरकं होत होत
माझ्या रंगाशी तंतोतंत जुळलं.

मला ते जुळायला नको होतं.