फ्रंट दोन, बॅक एक

भवानी पेठेत, युनिफॉर्मच्या कारखान्यात
इरबत्ती मास्तर खाकीवर निळा खडू ओढतात,
पुटपुटतात : फ्रंट दोन, बॅक एक.

कॉलेजातलं ताजं ताजं शिकलेलं मी सांगून टाकलं :
मास्तर, फ्रंट म्हणजे मुळात लॅटिनमधलं कपाळ.
कात्री थांबली.
"म्हणजे चाळीस वर्षं मी
पोरांची कपाळं कापतोय होय रे?"

शनिवारी पगाराला हात पुढे,
मालकाची वही त्याच्याही पुढे.
ॲडव्हान्स वजा.
हाही तिथलाच शब्द, मी म्हणालो,
आत दडलंय 'आधीपासून'.
"ते नको सांगूस," नोटा परत मोजत मास्तर म्हणाले,
"आमच्या तेलुगूत मुंदु.
समोरचं तेही मुंदु, आधीचं तेही मुंदु.
एका शब्दात भागतं."

मग फ्रंट दोनच का, मी विचारलं.
त्यांनी कापड झटकलं.
"पाठ सलग असते.
पुढनं उघडं ठेवावं लागतं बाबा,
नाहीतर पोरगं आत शिरणार कुठनं?"

घाम पुसताना
खडू लागला त्यांच्या फ्रंटला,
निळी आडवी रेघ.
मी काही बोललो नाही.