जमीन गोठायच्या आत

हाल्बेराचा फोन आला तेव्हा
मी यंत्राच्या सांध्यांना ग्रीस लावत होतो.
"स्टेइंथोर, जमीन गोठायच्या आत एक खड्डा हवाय.
वरच्या कुरणात, कुंपणालगत."
केवढा, मी विचारलं.
ती जरा थांबली.
"मोल्डीएवढा."

या दरीत मी घरांचे पाये खणलेत, नळांचे चर,
एकदा दलदलीत रुतलेला अख्खा ट्रॅक्टर उकरून काढलाय.
उभ्या जनावराच्या मापाचं
कधी काही खणलं नव्हतं.

मोल्डी म्हणजे मातकट.
शिंगरू असताना उघड्या जमिनीवर झोपला
की दिसायचाच नाही, म्हणून हे नाव.
आता एकतिसावं चालू आहे.
दाढा संपल्यात.
ती वाळकं गवत कोमट पाण्यात भिजवते, पेजेसारखं,
आणि तो डोळे मिटून भुरकतो,
अर्धं बादलीत, अर्धं तिच्या बुटांवर.

घर विकलंय. नोव्हेंबरच्या एक तारखेला किल्ल्या द्यायच्या.
मुलगी नॉर्वेत, बर्गनला, तिसऱ्या मजल्यावर,
बाल्कनीत दोन खुर्च्या मावतात म्हणे.
घोडा नेता येईल का, तेही तिनं विचारून पाहिलं.
येईल.
पण इथला घोडा एकदा समुद्रापार गेला
की या बेटावर त्याला पुन्हा पाऊल टाकता येत नाही,
कायदाच आहे तसा.
"माणसांना लावला नाही अजून," ती म्हणाली,
हसली, आणि बादली उचलून आत गेली.

पर्यटकांना फिरवणाऱ्या तबेल्यानं वय विचारलं
आणि मग हवेपाण्याच्या गप्पा मारल्या.
तिचा दीर म्हणाला, मेंढ्यांच्या ट्रकमध्ये चढव,
मांसाचे चार पैसे येतील.
वाईट हेतूनं नाही म्हणाला.
आम्ही सगळेच खातो घोडा, मीही खातो,
फक्त ज्याला नावानं हाक मारली
तो ताटात उतरत नाही.

मी म्हणालो, माझ्याकडे राहू दे.
मनापासून म्हणालो.

"दोन वर्षांपूर्वी माझं कंबरेचं हाड मोडलं," ती म्हणाली,
"पाच आठवडे अकुरेरीच्या इस्पितळात होते.
तेव्हा तो कुठं उभा होता, आठवतं?"
आठवतं.
माझ्याच कुरणात, माझंच गवत पुढ्यात,
तोंड मात्र तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.
पाठीवर चार बोटं बर्फ साचलेला.
"ते पाचच आठवडे होते."

शनिवारी खणला.
वर काळी माती, खाली राखेचा करडा पट्टा,
कुठल्या पर्वताची, कुणाच्या पणजोबाच्या काळातली, देव जाणे,
त्याखाली गोटे.
मोल्डी आला, ढिगाला नाक लावून फुरफुरला,
गुडघे दुमडले
आणि त्या ताज्या मातीत चारी पाय वर करून लोळला.
उठायला तीन खेपा लागल्या.
तिसऱ्या खेपेला आम्ही दोघांनी मागून ढकललं.
हाल्बेरा हसत होती, बाहीला नाक पुसत होती.
अंगाला किती माती लागली
ते त्याच्या रंगावर कळत नव्हतं.

डॉक्टर मंगळवारी यायचा होता.
सोमवारी तिनं विचारलं,
"जमीन मऊ आहे ना अजून?"
मी बुटाची टाच रोवून पाहिली.
टाच वरच्यावर राहिली.
"मऊ आहे," मी म्हणालो.
"मग या मंगळवारी नको."

त्या रात्री पारा उणे सहावर गेला.
जुन्या गवताचे दोन भारे आणि ताडपत्री घेऊन
मी न सांगता वर गेलो,
खड्ड्याशेजारच्या ढिगावर पांघरलं,
कडेनं दगड ठेवले.
तो फाटकाशी होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
खाली खिडकीत दिवा होता,
आणि काचेवर वाफ.