घर उसनं मागणारी

ती आली तेव्हा वीज गेलेली होती.
दोन्या नेमेसिआ झुला विणत होती,
अंधारात, बोटांना पाठ असल्यासारखा.
मी मेणबत्तीपाशी पाचवीच्या वह्या तपासत होतो.

आधी वाटलं, वटवाघूळ.
मग दाराच्या चौकटीवर ती पसरली,
पंजा उघडावा तशी,
पंजाहून मोठीच.

दुरून नुसती काळपट,
करपलेल्या तोर्तियाची पाठ.
मेणबत्ती जवळ नेली तर
लाट मागे सरताना वाळूवर ठेवून जाते
तशा नागमोडी रेघा, एकीला दुसरी चिकटून,
आणि दोन्ही पंखांतून आरपार एक फिकट पट्टा,
ज्योत हलली की जांभळट होणारा.
म्हणजे मादी.
पुढच्या पंखांवर एकेक डोळा, निळसर काठाचा,
स्वल्पविरामासारखा वळलेला.
मुलं विसरतात तिथे मी रोज लाल शाईनं घालतो,
तसाच.

कुंपणापलीकडून क्रेसेंसिआ ओरडली,
"मरणाचं पाखरू! कोण आजारी आहे तुमच्यात?"

आजारी कुणीच नव्हतं.
पण गाउदेन्सिओ कानकुनला होता,
कुठल्याशा हॉटेलच्या सातव्या मजल्याच्या परातीवर,
आणि चार दिवस फोन नव्हता.
हे कुणी बोललं नाही.
दीर झाडू घेऊन आला.

नेमेसिआनं दोरा दातांत धरला होता, तो सोडला.
"मास्तर, आमच्या मायात तिला माहान-नाह म्हणतात.
माहान म्हणजे उसनं. नाह म्हणजे घर.
रात्रीपुरतं घर उसनं मागायला येते बिचारी.
क्रेसेंसिआला मी वाटी वाटी साखर देते,
ती कधी परत आली?
मग हिला वीतभर भिंत द्यायला काय जातं?"

दीर जरा वेळ झाडू टेकून उभा राहिला.
मग त्यानं अंगणच झाडलं,
काळोखात, उगाच.

मी नऊशे पेसो भाडं देतो.
माझ्या खोलीचं दार त्या रात्री
मी जरा हळूच लावलं.

पहाटे ती नव्हती.
चौकटीवर चिमूटभर तपकिरी भुकटी, बोटाला लागेल इतकीच.
मी फडकं उचललं तर नेमेसिआ म्हणाली, "राहू दे.
उसनं परत करताना
भांडं रिकामं देत नाहीत."

वीज आली होती.
तिनं फोन चार्जिंगला लावला
आणि त्याच्याकडे पाठ करून
झुल्याची पुढची गाठ मारायला बसली.