सूर्याची साडेसाती

बिजूनं गच्चीवर टेप लावला,
टाकीची सावली कुठवर सरकते ते खडूनं आखलं
आणि म्हणाला, ताई, बारा बसतील.
सकाळचे सव्वासात. खडू त्याच्या घामानंच ओला.

खाली हेरंबनं वही उघडली.
एकवीसशे रियाल. बॅटरी धरून अडतीसशे.
जूनचं बिल, जुलैचं बिल,
ऑगस्टचं तर आम्ही मोठ्यानं वाचतही नाही.
भागाकार तीनदा केला,
तिन्हीदा साडेसात वर्षं आली.

साडेसातीच की ही, मी म्हटलं,
फक्त शनीऐवजी सूर्याची.
तो वहीतून मान न काढता म्हणाला,
शनी तरी कुणाचा मुलगा?

सुवैकमध्ये एकोणीस वर्षं झाली,
सगळी दोन-दोनच्या हप्त्यानं.
बताका दोन वर्षांचा, भाडेकरार एकाचा,
आणि दोनच्या पाढ्यात
साडेसात कुठेच येत नाही.

खल्फान घरमालक. कॉफीचा तिसरा पेला हलवत
नको म्हणून खूण करत म्हणाला,
गच्ची माझी, ऊन अल्लाचं, पॅनेल तुमचे.
जाताना न्या नाहीतर ठेवा,
भोकं मात्र बुजवून द्या.

जाताना.
किती सहज म्हणाला तो.
आमच्या घरात हा शब्द
लेकीचा हात पोचणार नाही अशा फळीवर असतो.
खुर्च्या घडीच्या, पलंग घडीचा,
देव्हारासुद्धा चिकटपट्टीच्या हुकावर.
या भिंतीत आम्ही अजून एक खिळा मारलेला नाही
आणि बिजू म्हणतोय, अठ्ठेचाळीस भोकं.

ऊन काही नवं नाही आम्हाला.
कुरडया दोन तासांत खडखडीत,
नळ सोडला की चहाचं आधण,
म्हणून अंघोळीचं पाणी रात्रीच भरून
निवत ठेवायचं.
ज्याच्याशी एवढी वर्षं दुहेरी पडदे लावून भांडलो
त्यालाच आता घरात कामाला ठेवायचं.
आणि घरबी वारा सुटला की
दर शुक्रवारी त्याचं तोंड पुसायचं, ते मी.
बिजूनं विचारलं तेव्हा
हेरंबनं माझ्याकडेच पाहिलं.

बॅटरी कशाला, बिजू म्हणाला,
इथे लाईट जाते कुठे?
खरंच जात नाही.
एकदाच गेली. वादळाच्या वर्षी, तीन रात्री.
समुद्र हमरस्त्यापर्यंत येऊन परतला,
फ्रीजमधली सुरमई आम्ही अंगणात पुरली
आणि पाणी ओसरल्यावर याच गच्चीवर गाद्या टाकल्या,
टाकी आणि धुण्याच्या दोरीमध्ये,
जिथे आता खडूच्या रेघा आहेत.
खल्फानच्या आईनं खजूर पाठवला, गॅसबत्ती पाठवली.
तिसऱ्या रात्री दोन वाजता
सगळी गल्ली एकदम उजळली
आणि आम्ही दोघं एका सुरात ओरडलो,
आली!
बार्शीतल्या भारनियमनात
सगळी आळी ओरडायची तसं.
शाल्मली सहा वर्षांची, दचकून उठली.
कोण आली? म्हणाली.
तिला हा शब्द कधी लागलाच नव्हता.

हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?
हेरंबनं प्रयत्न केला. "इतर" लिहिलं, खोडलं.
मला बॅटरी हवी होती, त्याला पॅनेल,
आणि हिशेब त्याच्या बाजूचा होता.
दोन दिवस आम्ही एसीच्या तापमानावरून भांडलो.

मग ड्रिलचा आवाज झाला.
पहिल्या भोकाला मी जिन्यात उभी होते,
पांढरी भुकटी पायरीवर पडत होती.
बाराच्या बारा बसले. गाद्यांची जागा गेली.

बॅटरीपुढचा रकाना रिकामाच आहे.
पण बिजूनं जाताना, मी न सांगता,
जिन्याखाली भिंतीवर पेन्सिलनं एक चौकोन काढला
आणि दोन वायरी टेप गुंडाळून
बाहेर तोंड करून ठेवल्या.
शाल्मली तिथे सायकल लावायची.
आता लावत नाही, बाहेर उन्हात ठेवते, सीट तापते.
का गं, विचारलं,
तर म्हणाली, तिथे ती यायचीय ना.